सीबीसीचा कागद आणि खाटेवरचा रुग्ण

परीक्षा जवळ आली की जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंगची मुले रक्तपेशींचा तक्ता तोंडपाठ करून येतात. एका घनमिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी ४५ ते ५५ लाख, पांढऱ्या पेशी ४,००० ते ११,०००, प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख, हे सगळे घडाघडा सांगतात. मात्र वॉर्डात नेऊन एखाद्या रुग्णाचा सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद हाती दिला आणि ‘या बाईंना आज रात्री काय होण्याची शक्यता आहे?’ असे विचारले की वर्ग शांत होतो. मी मराठवाड्यात नर्सिंग शिकवते आणि रक्ताचा धडा शिकवताना माझा एकच आग्रह असतो. कागदावरचा आकडा खाटेवरच्या माणसाच्या अंगावर शोधता आला पाहिजे आणि अंगावर दिसलेली खूण कागदाशी जोडता आली पाहिजे. ज्यांना तक्ता पाठ आहे, पण तो वॉर्डात कुठे लावायचा हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग रक्तद्रवाचा आणि उरलेला पेशींचा असतो. या सगळ्या पेशी अस्थिमज्जेत एकाच प्रकारच्या मूळ पेशींपासून तयार होतात. लहान बाळाच्या जवळजवळ सर्व हाडांत ही निर्मिती चालते. प्रौढ वयात ती मुख्यतः कमरेचे हाड, छातीचे मधले हाड, बरगड्या आणि मणके यांपुरती उरते, आणि म्हणूनच बोन मॅरोची तपासणी करताना रुग्णाला कुशीवर वळवून कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेतून नमुना घेतात. तांबड्या पेशी तयार करण्याचा हुकूम मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाच्या रूपाने येतो. डायलिसिसवरचा रुग्ण पांढुरका का दिसतो आणि लोहाबरोबर त्याला एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन का लागते, याचे उत्तर याच वाक्यात आहे.

पेशींचे आयुष्य हा मुद्दा पुस्तकात एका ओळीत येतो आणि मुले तो एका गुणासाठी पाठ करतात. मला तो संपूर्ण धड्यातला सर्वांत उपयोगी मुद्दा वाटतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट ७ ते १० दिवस, आणि न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणारी पांढरी पेशी, रक्तप्रवाहात जेमतेम काही तास ते एखादा दिवस असते. आता केमोथेरपीने अस्थिमज्जेचे काम थांबले तर आधी काय कमी होईल, हे पाठांतर न करताही सांगता येते. आधी न्यूट्रोफिल कमी होतात म्हणून जंतुसंसर्ग, मग प्लेटलेट्स घटतात म्हणून रक्तस्राव, आणि हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी, सावकाश उतरते. त्याचप्रमाणे रुग्णाचे हिमोग्लोबिन दोन दिवसांत चार ग्रॅमने घसरले असेल, तर केवळ पेशी तयार होणे थांबल्यामुळे एवढ्या वेगाने असे होणार नाही. कुठेतरी रक्त जात आहे किंवा पेशी आतल्या आत फुटत आहेत, आणि सिस्टरने शौचाचा, लघवीचा आणि डोळ्यांचा रंग लगेच पाहायला हवा.

आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी नमुना कसा घेतला गेला हे माहीत हवे. सीबीसीसाठी जांभळ्या टोपणाचा ईडीटीए बल्ब, म्हणजे नमुन्याची छोटी नळी, वापरतात. ईडीटीए रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे रक्त गोठत नाही, परंतु रक्त आणि ईडीटीए एकमेकांत मिसळले तरच. बल्ब भरल्याबरोबर तो हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटासुलटा करावा. ताक घुसळल्यासारखा जोरात हलवला तर पेशी फुटतात आणि न हलवता ट्रेमध्ये ठेवून दिला तर तळाशी बारीक गुठळी होते. त्या गुठळीत प्लेटलेट्स अडकतात, यंत्र उरलेल्याच मोजते आणि रिपोर्टवर ४० हजार असा आकडा छापून येतो. रुग्णाच्या अंगावर एकही लाल ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त नाही, सलाईनची सुई काढलेली जागा कोरडी आहे, आणि कागद मात्र ४० हजार म्हणतो, अशा वेळी डॉक्टरांना कळवतानाच नमुना पुन्हा पाठवायचा का आणि स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेले रक्त, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यायचा का, हेही विचारावे. काही माणसांचे रक्त नीट मिसळूनही केवळ ईडीटीएमुळे प्लेटलेट्सचे पुंजके होतात; तेव्हा सायट्रेटच्या निळ्या टोपणाच्या बल्बमध्ये मोजणी करून पाहतात. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेतले तर सगळेच आकडे पातळ होतात, आणि पट्टा मिनिटाहून अधिक वेळ आवळून ठेवला तर ते घट्ट होतात. या गोष्टी प्रात्यक्षिकाच्या वहीत असतात, पण सकाळी सहाच्या नमुन्यांच्या घाईत त्या सर्वांत आधी विसरल्या जातात.

आता रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा, गरोदर स्त्रीचे ११ ग्रॅमपेक्षा आणि पुरुषाचे १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय होय; गरोदरपणात ७ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे तीव्र. आपल्याकडचे रुग्ण बहुतेक सावळे किंवा काळेसावळे आणि उन्हात रापलेले असतात, त्यामुळे चेहरा पाहून अंदाज करू नये. खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा, जीभ पाहावी, नखे दाबून पाहावीत, आणि तळहात ताणून त्यावरच्या रेघा पाहाव्यात. रेघाही फिक्या पडल्या असतील तर हिमोग्लोबिन बरेच खाली गेलेले असते. बाई पाटीवरची पेन्सिल, राख किंवा चुलीची भाजलेली माती खाते का, हेही आडून विचारावे; लोह कमी पडले की अशी ओढ लागते. बायका स्वतःहून सांगत नाहीत, सासूसमोर तर मुळीच नाही.

लोहाचा हिशेब एकदा समजून घेतला की उरलेले सगळे सोपे होते. शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषते. १ मिलिलिटर रक्त गेले की साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त जाणे म्हणजे अतिस्राव, आणि तेवढ्यात ४० मिलिग्रॅम लोह निघून जाते. एका गरोदरपणाची एकूण गरज १ ग्रॅमच्या आसपास असते. आता बीड किंवा जालन्यातील एखादी ऊसतोड बाई डोळ्यांसमोर आणावी. लग्न लवकर, दोन-तीन बाळंतपणे पाठोपाठ, दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर कारखान्यावर, पहाटे अंधारात भाकरी आणि चहा, दिवसभर मोळ्या वाहणे, आणि पाळीतही एका दिवसाचा खाडा नको म्हणून कोयता न थांबवणे. ज्वारीच्या भाकरीत लोह आहे, पण त्यातील फायटेट हे द्रव्य ते आतड्यात शोषू देत नाही, आणि जेवणाबरोबरचा चहा उरलेसुरले अडवतो. अशा बाईचे हिमोग्लोबिन ७ असले तर आश्चर्य कसले? बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या तरुण वयात काढल्या जात असल्याचे प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजले आणि शासनाने चौकशीसाठी समिती नेमली, हे विद्यार्थ्यांना माहीत असले पाहिजे. ‘पाळीत फार जाते’ ही तक्रार ऐकल्यावर रक्तक्षय किती आहे, स्रावाचे कारण काय आणि औषधाने तो आटोक्यात येतो का, हे प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधीचे आहेत, आणि ती तक्रार बहुतेक वेळा पहिल्यांदा नर्सच्याच कानावर येते.

लोहाच्या कमतरतेत पेशी लहान आणि फिक्या होतात. म्हणून एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान, ८० फेम्टोलिटरच्या खाली जातो. गरोदर स्त्रीला शासनाकडून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. गोळी हातात ठेवून ‘रोज एक घ्या’ म्हणणे हे अर्धेच काम आहे. शौचाला काळे होईल, घाबरू नका. मळमळले तर रात्री जेवणानंतर घ्या, पण बंद करू नका. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा. चहा तासभर आधी नको आणि तासभर नंतर नको. लिंबू पिळलेले पाणी किंवा पेरू चालेल. एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात. उपचार लागू पडला तर आठवड्या-दीड आठवड्यात नवजात तांबड्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, वाढलेले दिसतात आणि महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण १ ते २ ग्रॅमने चढते. चढले नाही तर गोळ्या खरोखर पोटात जातात का, जंत आहेत का, रक्त कुठून जात आहे का, आणि मुळात हा आजार लोहाच्या कमतरतेचाच आहे का, याच क्रमाने विचार करावा.

कारण लहान पेशींचा दुसरा मोठा आजार थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक दोष, आहे. वाहक माणसाचे, म्हणजे दोष अंगात असूनही आजारी नसलेल्याचे, हिमोग्लोबिन थोडेच कमी असते, पण तांबड्या पेशींची संख्या भरपूर असते. एमसीव्हीला पेशींच्या दशलक्षातील संख्येने भागल्यावर उत्तर १३ पेक्षा कमी आले तर थॅलेसेमियाच्या वाहकाची शंका घ्यावी, आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत हिमोग्लोबिन ए-२ हे ३.५ टक्क्यांपेक्षा अधिक आहे का, हे पाहावे. भागाकार हा केवळ इशारा आहे, निदान एचपीएलसीनेच होते.

पेशी उलट मोठ्या झाल्या, एमसीव्ही १०० च्या पुढे गेला, तर बी-१२ किंवा फॉलिक अॅसिडची उणीव असू शकते. माळकरी, शाकाहारी आणि दूधदुभतेही बेताचे असलेल्या घरांत बी-१२ ची उणीव वारंवार दिसते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्या मधुमेहींतही दिसते. पायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, अंधारात तोल जातो, अशी तक्रार आली की जागे व्हावे. बी-१२ न देता नुसते फॉलिक अॅसिड दिले तर हिमोग्लोबिन सुधारते आणि नसांचे नुकसान मात्र वाढत राहते.

नांदेड जिल्ह्यात किनवट आणि माहूरकडे काम करणाऱ्या सिस्टर-ब्रदरनी सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार कायम मनात ठेवावा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन येते, एवढाच बदल. पण प्राणवायू कमी पडला, ताप आला, पाणी कमी झाले की पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. ती १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसच जगते. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले, आणि भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष प्रथम नोंदला गेला. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू केलेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत उच्चाटन असे उद्दिष्ट आहे.

सिकलसेलच्या वेदनेबद्दल मला थोडे ठामपणे बोलायचे आहे. क्रायसिसमध्ये, म्हणजे वेदनेच्या अचानक झटक्यात, आलेला पोरगा हाडे फुटल्यासारखा कळवळत असतो आणि बाहेरून पाहिले तर त्याला ना जखम असते ना सूज. मग ‘इंजेक्शनची सवय लागली आहे’ अशी कुजबुज सुरू होते. असे म्हणणाऱ्याने एकदा त्याच्या नाडीचा चार्ट पाहावा. वेदनाशामक वेळेवर, भरपूर पाणी किंवा सलाईन, अंग उबदार ठेवणे, प्राणवायूचे प्रमाण मोजत राहणे, आणि छातीत दुखून दम लागला तर विलंब न लावता डॉक्टरांना बोलावणे, ही इथली नर्सिंग आहे. थंड पाण्याच्या पट्ट्या किंवा बर्फ लावू नये. लहान मुलाच्या आईला डाव्या बरगडीखाली प्लीहा चाचपायला शिकवावे, कारण पोट अचानक फुगून मूल पांढरेफटक पडले तर रक्त प्लीहेत अडकलेले असू शकते आणि तेव्हा तासांचा प्रश्न असतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘पहिले आजारी निघाले, म्हणजे पुढची तीन चांगली’ असा अर्थ घरोघरी काढला जातो. तो खोडून काढावा लागतो.

पांढऱ्या पेशींच्या बाबतीत एकूण संख्येपेक्षा न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा महत्त्वाचा असतो. एकूण पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील तर प्रत्यक्षात ३६० न्यूट्रोफिल उरले. ५०० च्या खाली म्हणजे तीव्र उणीव. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातून केमोथेरपी घेऊन गावी परतलेला माणूस दहाव्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात ‘थोडी कणकण आहे’ म्हणून येतो, ही काल्पनिक गोष्ट नाही. त्याला पू होत नाही, घसा फारसा लाल दिसत नाही, कारण पू तयार करणाऱ्या पेशीच नाहीत. ताप ही एकच खूण असते, आणि ताप ३८.३ अंश सेल्सिअस किंवा अधिक असेल तर पहिले अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून जायला हवे. त्याला गर्दीच्या बाकावर बसवून ठेवू नये, गुदद्वारातून तापमान घेऊ नये आणि एनिमा देऊ नये. उलट ल्युकेमियाच्या रुग्णाच्या कागदावर पांढऱ्या पेशी लाखाच्या घरात असतात आणि तरीही त्याला जंतुसंसर्ग होतो. संख्या आहे, पण त्या अपक्व पेशी कामाच्या नाहीत.

पावसाळा सरला की डेंग्यू येतो आणि वॉर्डाच्या दारात नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो, ‘सिस्टर, पेशी किती आल्या?’ पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचे दूध, सगळे पिशवीत तयार असते. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण आपली नजर प्लेटलेट्सइतकीच हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीवर, असली पाहिजे. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुधा रक्तद्रव वाहिन्यांबाहेर झिरपल्यामुळे, आणि ते झिरपणे ताप उतरताना सुरू होते, म्हणजे घरचे लोक ‘आता बरे आहे, सुट्टी द्या’ म्हणतात नेमके तेव्हा. हिमॅटोक्रिट २० टक्क्यांनी वाढणे, पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, अस्वस्थपणा, यांतले काहीही दिसले तर प्लेटलेट्स ८० हजार असल्या तरी धोका आहे. आणि रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या वर सहसा प्लेटलेट्स चढवण्याची गरज पडत नाही. तापाला पॅरासिटामॉल द्यावे. ब्रुफेन आणि अॅस्पिरिन टाळावे.

हिमोफिलियात, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक आजारात, प्लेटलेट्स व्यवस्थित असतात; रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या दोन तपासण्यांपैकी पीटी व्यवस्थित असतो, एपीटीटी मात्र लांबतो. रक्त गोठवणाऱ्या आठव्या किंवा नवव्या घटकाची उणीव असते. रांगायला लागलेल्या मुलाचा गुडघा सुजला आणि मामाला लहानपणापासून असाच त्रास होता असे आई म्हणाली, तर स्नायूत इंजेक्शन देण्यापूर्वी थांबावे.

रक्त चढवणे हा विषय शेवटी ठेवला, कारण यात सगळी जबाबदारी खाटेपाशी येऊन थांबते. कार्ल लँडस्टाइनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट मांडले आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगटाची नोंद केली. हा गट साध्या तपासणीत ‘ओ’सारखा दिसतो, पण अशा माणसाला ‘ओ’ रक्तही चालत नाही. क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहणे, टाळून ‘ओ’ची पिशवी लावण्याची घाई का करू नये, याचे याहून चांगले उदाहरण नाही. तरीही जीवघेण्या प्रतिक्रियांचे नेहमीचे कारण असा दुर्मीळ गट नसतो. एकाची पिशवी दुसऱ्याला लागते, हे असते. ‘तुम्ही शोभाबाई ना?’ असे विचारले तर तापाने मलूल झालेली म्हातारी कशालाही ‘हो बाई’ म्हणते. ‘तुमचे पूर्ण नाव सांगा’ असेच विचारावे. इथे एक अडचण येते, कारण पूर्ण नावात नवऱ्याचे नाव येते आणि आपल्याकडच्या जुन्या बायका ते उच्चारत नाहीत. मग सोबतच्या मुलाला विचारावे, आणि हातातला पट्टा, केसपेपर, पिशवीवरचा क्रमांक, गट आणि मुदत दोन सिस्टरनी मिळून खाटेपाशीच पडताळावी. नर्सिंग स्टेशनवर बसून नाही.

फ्रिजमधून काढलेली पिशवी ३० मिनिटांत सुरू करावी आणि ४ तासांत संपवावी. त्याच नळीतून सलाईनखेरीज काही देऊ नये. डेक्स्ट्रोजने, म्हणजे साखरेच्या सलाईनने, पेशी फुटतात, आरएलमधील (रिंगर लॅक्टेट) कॅल्शियमने गुठळ्या होतात. पहिली १५ मिनिटे वेग कमी ठेवून रुग्णाजवळ उभे राहावे. थंडी वाजणे, कंबर दुखणे, छातीत आवळल्यासारखे वाटणे किंवा नुसते ‘मला कसंतरीच होतंय’ एवढे जरी रुग्ण म्हणाला तरी रक्त ताबडतोब बंद करावे, सुई काढू नये, नवीन सेटने सलाईन सुरू ठेवावे, डॉक्टरांना बोलावावे, रक्तदाब आणि लघवीचा रंग पाहावा, आणि पिशवी सेटसकट, नव्या नमुन्यांसह रक्तपेढीत परत पाठवावी. काही प्रतिक्रिया आठवड्याभराने, रुग्ण घरी गेल्यावर उमटतात. म्हणून सुट्टीच्या कागदावर कोणत्या तारखेला किती पिशव्या चढवल्या हे लिहून द्यावे, आणि पुढच्या पंधरा दिवसांत डोळे पिवळे झाले, ताप आला किंवा लघवी काळपट झाली तर हाच कागद घेऊन परत यायला सांगावे.